घरचे चार

"बारा दहाला सुटते, तीन पस्तीसला पोचते," अण्णांनी तिकिटाचा कागद चष्म्याजवळ धरला. "म्हणजे धाववेळ तीन तास पंचवीस मिनिटं."

"दोन तास पंचवीस," मी म्हटलं.

"वजाबाकी येते गो मला."

"वजाबाकी बरोबर आहे, अण्णा. पण सुटायची वेळ बँकॉकची लिहिलीय आणि पोचायची सिंगापूरची. सिंगापूरचं घड्याळ इथल्यापेक्षा एक तास पुढे असतं."

"मग तो एक तास जातो कुठे?"

"जाताना जातो, परतीत मिळतो."

"एसटीत असं केलं असतं तर लोकांनी डेपो पेटवला असता," अण्णा म्हणाले आणि त्यांनी कागदाची घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवली. मग पुन्हा काढली. "आणि अंतर?"

"चौदाशे तीस किलोमीटर."

"आमची गुहागर-मुंबई पावणेतीनशे. तिला नऊ तास लागायचे, चिपळूणला चहा धरून." त्यांनी मनातल्या मनात काहीतरी हिशेब केला. "अडीच तासांत उल्हास. काय हरकत नाय."

अण्णा गुहागरच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. एकतीस वर्षं त्यांनी खिडकीत बसून गाड्या सोडल्या. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती, तरी घरात कुणी 'निघतो' म्हटलं की ते आधी घड्याळ बघत. निरोप समारंभात मिळालेलं एचएमटीचं घड्याळ त्यांच्या मनगटावर असे. बँकॉकला माझ्याकडे येऊन त्यांना सव्वा महिना झाला होता, पण त्या घड्याळाला त्यांनी हात लावला नव्हता. ते घरच्या वेळेवर चालू होतं, इथल्यापेक्षा दीड तास मागे. "मी इथला नाय, घड्याळ कशाला इथलं करू?" असं त्यांचं म्हणणं.

ही दोन हजार आठच्या नोव्हेंबरमधली गोष्ट. मी बँकॉकमधल्या एका इंग्रजी दैनिकात डेस्कवर होते. रोज रात्री पान सोडण्याआधी प्रत्येक बातमीतली वेळ तपासायची आणि तिच्यापुढे 'स्थानिक वेळेनुसार' हे शब्द आहेत की नाहीत ते पाहायचं, हे माझ्या कामातलं एक काम होतं.

आई जूनमध्ये गेली. तापाच्या चौथ्या दिवशी गेली. मी तिसऱ्या दिवशी सकाळी पोचले म्हणून मला ती भेटली तरी. दादा भेटला नाही. माझा मोठा भाऊ उल्हास जहाजावर मोटरमन आहे, इंजिनरूममध्ये काम करतो. मार्चमध्ये तो नऊ-दहा महिन्यांच्या करारावर चढला होता आणि त्या दिवशी त्याचं जहाज आफ्रिकेच्या बाजूला कुठेतरी होतं.

आमच्याकडे पालशेतला घरोघर जहाजावरची माणसं आहेत आणि घरोघर एकच रीत आहे: जहाजावरच्या माणसाला मरणाची बातमी कळवायची नाही. चारी बाजूंनी पाणी. तो येणार कसा, आणि आला नाही तर रात्री डेकवर एकटा उभा राहून करणार काय? उतरला की सांगायचं. समोर बसवून सांगायचं. एका घरात तर वडील गेल्याचं मुलाला सात महिन्यांनी, चिपळूण स्टेशनवर उतरल्यावर सांगितलं होतं. दिनूकाकांनी स्मशानातच सगळ्यांना बजावलं, "उल्हासला कुणी फोनवर बोलायचं नाय. भाऊ स्वतः सांगेल." भाऊ म्हणजे अण्णा.

अग्नी अण्णांनी दिला. दहाव्याला डोकंही त्यांनीच केलं. न्हावी वस्तरा फिरवत होता तेव्हा ते मला म्हणाले होते, "हे उल्हासचं काम. माझ्या डोक्यावर आलं."

त्यानंतर दादाचा दर पंधरा-वीस दिवसांनी फोन यायचा, दीड-दोन मिनिटांचा. पहिला प्रश्न ठरलेला, "आई आहे का?" आई मामाकडे गेलीय, मामीचा पाय मोडल्याचं निमित्त आहे, तिथे फोन लागत नाही. आई देवळात गेलीय. आईचा घसा बसलाय. अण्णांना खोटं बोलण्याची सवय नव्हती. एकदा त्यांनी मामीचा पाय दोनदा मोडला. गणपतीनंतर दादाने विचारणं सोडलं. आम्हाला हायसं वाटलं.

करार फेब्रुवारीपर्यंत वाढला तेव्हा अण्णा म्हणाले, "आता पुरे. तो कुठल्या बंदराला लागतोय बघ. मी जातो." म्हणून त्यांना बँकॉकला आणलं, म्हणून सिंगापूरचे व्हिसा काढून ठेवले. जहाज इंधन भरायला सिंगापूरला थांबणार हे नक्की होतं. दिवस नक्की नव्हता.

मंगळवारी मी कामावर असताना दादाचा जहाजाच्या सॅटेलाइट फोनवरून फ्लॅटवर फोन आला. पावणेदोन मिनिटं. त्या नंबरवर आपल्याला उलटा फोन करता येत नाही. अण्णांनी सगळं कॅलेंडरच्या पाठीमागे टिपून ठेवलं होतं, नियंत्रकाच्या अक्षरात:

गुरुवार. मरीना साउथ धक्का. १२.०० ते १६.००. शेवटची लाँच १६.०० सुटणार.

मी आल्या आल्या तो कागद वाचला आणि विचारलं, "कुठल्या वेळेने, अण्णा?"

"घरच्या."

"तसं म्हणाला तो?"

"म्हणायला कशाला हवं? पंधरा वर्षं तो घरच्याच वेळेने सांगतोय. ब्राझीलमध्ये होता तेव्हा काय ब्राझीलची वेळ सांगत होता? 'अण्णा, मी आठला फोन करीन' म्हटला की आपले आठ."

हे खरं होतं. जहाज कुठेही असो, दादा स्वतः हिशेब करून घरची वेळ सांगायचा. आई घड्याळ बघून फोनपाशी बसायची आणि त्याने तिला कधी एक मिनिट फुकट बसवलं नाही.

मी कागदाच्या कडेला लिहिलं: भारत १२ ते ४, म्हणजे सिंगापूर २.३० ते ६.३०.

गुरुवारची विमानं पाहिली. सकाळी सात पंचावन्नचं अकरा वीसला पोचत होतं, पण त्यात एकच जागा होती. दुसरं बारा दहाचं. त्यात दोन मिळत होत्या.

"मी जातो सकाळच्याने," अण्णा म्हणाले. "तू मागून ये."

"एकटे? तिथे उतरल्यावर इमिग्रेशन, टॅक्सी, धक्का... भाषा येत नाही."

"मला रस्ता विचारता येत नाय काय गो? अख्ख्या तालुक्याला मी रस्ता सांगितलाय."

"इंग्रजीत नाही सांगितला. तीन पस्तीसला उतरू, पाचच्या आत धक्क्यावर. साडेसहापर्यंत वेळ आहे. दीड तास मिळतो, अण्णा."

त्यांनी थोडा विचार केला. "दीड तास पुष्कळ झाला," ते म्हणाले. "मला चार वाक्यंच बोलायचीत."

मी दोन जागा घेतल्या.

विमानात अण्णांना खिडकी दिली. खाली समुद्र होता. बराच वेळ ते कपाळ काचेला टेकवून बसले. जेवणाचा ट्रे आला तेव्हा त्यांनी पाव तेवढा रुमालात बांधून घेतला, उल्हासला भूक असली तर म्हणून.

"बाय," ते म्हणाले, "सुरुवात कशी करू?"

"सरळ सांगा."

"सरळ म्हणजे काय? 'आई गेली' असं?"

मी ट्रेमधलं पाणी त्यांच्यापुढे सरकवलं.

"आधी चहा घेऊ दे त्याला. तो घाईघाईत येईल, जेवलेला नसेल. चहा झाला की मी म्हणेन, 'उल्हास, जूनमध्ये आईला ताप आला होता.' मग तो विचारेल, 'आता कशी आहे?' मग..." ते थांबले. "मग तूच सांग."

"मी आहे ना तिथे."

"नाय, नाय. माझं काम आहे ते." त्यांनी घड्याळाकडे बघितलं. "साडेबारा वाजायला आले. तो धक्क्यावर पोचला असेल आता."

त्यांना जरा मोकळं करावं म्हणून मी स्टँडवरची एखादी गोष्ट सांगा म्हटलं. अण्णांकडे अशा गोष्टी शंभर होत्या आणि मी त्या सगळ्या ऐकलेल्या होत्या.

"तो वेलदूरचा बाबल्या आठवतो? दुबईचं सोन्याचं घड्याळ घालून यायचा तो? एकदा चिपळूणची गाडी चुकली त्याची. खिडकीत हात घालून माझ्या नाकापुढे मनगट धरलं. म्हणे, 'माझ्या घड्याळात अजून पाच मिनिटं आहेत, गाडी सोडलीच कशी?' मी म्हटलं, 'बाबल्या, तुझं घड्याळ तुझ्या घरी. स्टँडवर स्टँडचं घड्याळ खरं.' पुढच्या गाडीला अडीच तास होते. बसला बिचारा सोनं बघत."

ते हसले, मीही हसले. त्या क्षणी आम्ही समुद्रावर कुठेतरी होतो आणि, पुढे मी कितीदा तरी मोजलं, सिंगापूरमध्ये चार वाजायला अजून पाऊण तास होता.

विमान वेळेवर उतरलं. वैमानिकाने स्थानिक वेळ सांगितली. मी माझं घड्याळ एक तास पुढे केलं. अण्णांचं एक पाच दाखवत होतं. माझा मोबाईल सुरू केला, पण थायलंडच्या कार्डाला तिथे रेंज नव्हती. इमिग्रेशनच्या रांगेत चाळीस मिनिटं गेली. अण्णा पुढच्या माणसांची डोकी मोजत उभे होते. टॅक्सीत त्यांनी एकदाच विचारलं, "केस नीट आहेत ना माझे?" दहाव्यानंतर त्यांचे केस पाच महिन्यांत बोट-दीड बोट वाढले होते, पांढरे आणि उभे. मी हाताने दाबून बसवले.

धक्क्यावर पोचलो तेव्हा चार पन्नास झाले होते.

मरीना साउथचा धक्का म्हणजे एक लांबट इमारत, वर गच्ची, खाली लाँचचे तिकीट काउंटर, आणि एका टोकाला चहा-सरबताची टपरी. टपरीच्या मागे लगेच पाणी, आणि पाण्यात जहाजं. वीस-पंचवीस असतील, निरनिराळ्या तोंडांनी उभी. अण्णा त्यांच्याकडे बघत राहिले. मी बाकांवर नजर फिरवली. दोन चिनी म्हातारे मासे पकडत होते. एक मलय कुटुंब होतं. दादा नव्हता.

टपरीवरची बाई साठीची, चिनी, डोक्याला रुमाल बांधलेली. तिने आम्हाला बघितलं, विशेषतः अण्णांना, आणि न विचारता दोन ग्लास पुढे ठेवले.

"विचारे?" तिने विचारलं. आमचं आडनाव तिच्या तोंडून 'विचाले' असं आलं.

"हो. आम्ही विचारे."

"अंकलचा चहा साखर कमी," ती इंग्रजीत म्हणाली. "तुमच्या मुलाने सांगून ठेवलंय. पैसे दिलेत."

मी अण्णांना सांगितलं. त्यांचा चेहरा फुलला. "बघ! साखर कमी हे त्याच्या लक्षात आहे. कुठे आहे तो? लघवीला गेला काय?"

मी तिला विचारलं.

"गेला," ती म्हणाली. "चारच्या बोटीने. शेवटची बोट. बाराला आला होता. चार तास त्या बाकावर. दोनपासून तुला फोन करत होता, करत होता, तुझा फोन बंद."

मी ग्लास खाली ठेवला. चहा थोडा सांडला. ती फडक्याने पुसू लागली आणि मी तिच्या हाताकडे बघत मनात पुन्हा पुन्हा तोच हिशेब केला. मग काउंटरच्या वर लावलेल्या गोल घड्याळाकडे पाहिलं. चार पंचावन्न.

"काय म्हणते?" अण्णांनी विचारलं.

"अण्णा, दादा जहाजावर परत गेला. चारला."

"चार कुठे वाजलेत?" त्यांनी मनगट माझ्यापुढे धरलं. "दोन पंचवीस. अजून दीड तास आहे. बाईला नीट विचार. दुसरा कोणी असेल."

"तो इथल्या चारला म्हणाला होता, अण्णा. सिंगापूरच्या."

"तो तसं कसं म्हणेल?"

"म्हणाला."

"तो घरच्याच वेळेने सांगतो."

त्यांनी हे रागाने म्हटलं नाही. एखाद्याला साधी गोष्ट पुन्हा समजावून सांगावी तसं म्हटलं, आणि चहाचा घोट घेतला, कारण अजून दीड तास होता.

मी काउंटरवर धावले. तिथल्या तरुणाने शांतपणे ऐकून घेतलं. जहाजाचं नाव सांगितलं तसं त्याने बाहेर बोट दाखवलं: तांबड्या डेकचं, डावीकडून चौथं. चार किलोमीटर. लाँचने पंचवीस मिनिटं. मला खासगी लाँच भाड्याने मिळेल का? मिळेल. पण एजंटचं पत्र नसेल तर जहाजाला लावता येणार नाही, शिडी कुणी खाली सोडणार नाही. एजंटचं ऑफिस? पाचला बंद होतं. त्याने मला नंबर दिला, त्याच्याच फोनवरून लावूनही दिला. घंटा वाजत राहिली. नुसतं खालून हाक मारता येईल का, असं मी विचारलं. तो म्हणाला, "मॅडम, ती शिडी पाच मजल्यांएवढी असते. आणि तुमचा भाऊ इंजिनात असेल."

परत आले तेव्हा अण्णा कठड्याशी उभे होते. "कुठलं?" त्यांनी विचारलं. म्हणजे कळलं होतं.

"तांबडं. चौथं."

त्यांनी डोळ्यांवर हाताचा आडोसा केला. डेकवर मुंगीएवढी माणसं हलत होती.

"चौदाशे तीस आलो," ते म्हणाले. "चार राहिले."

तेवढ्यात टपरीवरच्या बाईने हाक मारली. तिच्या हातात फोन होता. दादा तिचा नंबर घेऊन गेला होता. दर अर्ध्या तासाने विचारत होता, म्हातारे गृहस्थ आले का.

आधी मी घेतला. मागे घरघर होती.

"शमे, पोचलात? कुठे होता गो?"

"दादा, आम्हाला घरचे चार वाटले."



"मी इथल्या वेळेने सांगितलं," तो म्हणाला. "म्हटलं, आता अण्णा इकडेच आलेत ना. त्यांना कशाला हिशेब करायला लावू." मग म्हणाला, "अण्णांना दे. मला खाली जायचंय. सहाला इंजिन चालू करणार, एकदा उतरलो की रेंज नाय."

अण्णांनी फोन दोन्ही हातांत धरला. मी इतकी जवळ होते की दादाचा आवाज मला ऐकू येत होता.

"अण्णा."

"उल्हास. जेवलास?"

"जेवलो. तुम्ही?"

"विमानात दिलं. तुझ्यासाठी पाव आणलाय."

"बरं."

"तब्येत बरी आहे ना रे?"

"मी बरा आहे, अण्णा. तुम्ही गोळ्या घेता ना?"

"घेतो." अण्णांनी माझ्याकडे बघितलं. फोनवर बोलायचं नाय, हे दिनूकाकांचं वाक्य आम्हा दोघांच्याही डोक्यात होतं, आणि समोर चार किलोमीटर पाणी होतं. दादा काही बोलला नाही. आता मला वाटतं की तो थांबला होता. अण्णांना ते शांत राहणं सहन झालं नाही.

"आई बरी आहे हां," ते एकदम म्हणाले. "तुझी वाट बघतेय. म्हणाली, उल्हासला सांगा, फेब्रुवारीत आलास की आधी मला भेट."

घरघर. कुणीतरी दादाला हाक मारत होतं.

"बरं," दादा म्हणाला. "सांगा तिला, येतो म्हणून."

"सांगतो."

"जाऊ मी, अण्णा?"

"जा. जपून."

फोन बंद झाला. अण्णांनी तो रुमालाने पुसून बाईला परत दिला आणि बाकावर जाऊन बसले. त्यांच्या मानेवर घाम होता. "नाय जमलं," ते म्हणाले. "पण फोनवर सांगितलं नाय हे बरं केलं. आता फेब्रुवारीतच. समोर बसवून."

"हो," मी म्हटलं.

बाई ग्लास न्यायला आली. तिला बोलायचं होतं. चार तास तिने दादाला बघितलं होतं.

"चांगला मुलगा," ती म्हणाली. "गप्प बसणारा. मी विचारलं, भिक्षू होणार का? सैन्यात गेलास का? तर हसला."

"भिक्षू कशाला?"

"बोटाक!" ती म्हणाली.

मला शब्द कळला नाही. तिने डोक्यावरचा रुमाल काढला आणि तळहात कपाळापासून मानेपर्यंत फिरवला. "बोटाक. सगळं काढलेलं."

"मग तो आमचा नव्हे," मी म्हटलं. "माझ्या भावाचे केस दाट आहेत."

"तुझाच भाऊ. विचाले. आजच काढलेले. तोंड काळं, उन्हाचं, आणि इथे वर पांढरं, अंड्यासारखं. कानामागे कापलेलं, इथे, रक्त होतं. मी त्याला कागद दिला टिपायला. मी म्हटलं, सुंदर केस असतील तुझे, का काढलेस? तर म्हणाला, माझे वडील येतायत."

मी हे अण्णांना सांगणार नव्हते. सांगावंही लागलं नाही. तिचा तळहात कपाळापासून मानेपर्यंत गेला होता तेव्हाच त्यांनी तिच्याकडे बघितलं होतं, आणि आता ते माझ्याकडे बघत होते.

"काय म्हणते ती?"

"काही नाही."

"डोकं केलंय त्याने?"

मी मान हलवली.

"कधी?"

"आज सकाळी."

अण्णांनी हळूच आपल्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तसाच राहिला. कुणी सांगितलं, कधी सांगितलं, हे दादाने आजवर सांगितलेलं नाही आणि मी विचारलेलं नाही. गणपतीनंतर त्याने विचारणं सोडलं होतं, एवढंच मला माहीत आहे. आणि हे, की अण्णांनी धक्क्यावर पाऊल ठेवलं असतं तर त्यांनी आधी त्याचं डोकं बघितलं असतं आणि मग त्यांना चारांतलं एकही वाक्य बोलावं लागलं नसतं. त्यासाठीच त्याने वस्तरा फिरवला होता.

"बाय," अण्णा बऱ्याच वेळाने म्हणाले, "मी त्याला काय म्हटलं मघाशी?"

"अण्णा, राहू दे."

"मी म्हटलं, आई वाट बघतेय."

"हो."

"मग तो काय म्हणाला?"

"बरं म्हणाला."

"बरं म्हणाला," अण्णा म्हणाले.

मी बाईचा फोन मागून घेतला आणि दादाचा नंबर लावला. लागला नाही. सहा वाजून गेले होते. अण्णांनी माझ्याकडे हात केला, मी फोन दिला, त्यांनी स्वतः लावून कानाला धरला आणि फोनमधला रेकॉर्ड केलेला मलय आवाज काय सांगतोय ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग पुन्हा लावला.

सव्वासहाच्या सुमाराला तांबड्या डेकच्या जहाजाने तोंड फिरवलं. ते इतकं सावकाश फिरत होतं की ते हलतंय हे शेजारच्या जहाजाकडे बघितल्यावरच कळत होतं. मी म्हटलं, निघू या. अण्णा म्हणाले, "थांब, अजून वेळ आहे." मी त्यांच्या मनगटाकडे बघितलं. पावणेचार. ते पाठ ताठ करून बाकावर बसून राहिले, मांडीवर पावाचा रुमाल घेऊन. साडेसहाला, म्हणजे घरच्या बरोबर चारला, ते उठले.

"तिकडे काय वाजलेत?" त्यांनी काउंटरच्या वरच्या घड्याळाकडे हनुवटी केली. चष्मा धुरकट झाला होता त्यांचा.

"साडेसहा."

त्यांनी एचएमटीची किल्ली ओढली, काटे अडीच तास पुढे नेले आणि किल्ली दाबली. बाबल्याची आठवण आम्हा दोघांनाही झाली असणार. कुणी काढली नाही. जाताना त्यांनी टपरीवरच्या बाईला हात जोडले, आणि पावाचा रुमाल तिच्यापुढे ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊचं परतीचं विमान होतं, दहा पंचावन्नला पोचणारं. या वेळी अण्णांनी तिकीट वाचलं नाही, वजाबाकी केली नाही. खिडकीही मलाच दिली. बँकॉक दिसू लागलं तेव्हा घोषणा झाली आणि आजूबाजूची माणसं मनगटाशी चाळे करू लागली.

"काय म्हणतात?" त्यांनी विचारलं.

"घड्याळं एक तास मागे घ्या म्हणतात."

ते आपल्या घड्याळाकडे बघत राहिले. काल आम्ही पन्नास मिनिटांनी चुकलो होतो.

"हा तोच ना गो? परतीत मिळतो म्हणालीस तो?"

"हो, अण्णा."

त्यांनी शर्टाची बाही मनगटावर ओढून घड्याळ झाकलं.

"तुझ्याकडे ठेव," ते म्हणाले.